फुकटचा गेम जास्त टिकतो की वर्गणीचा?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा अमेरिकेत त्याची महिन्याची वर्गणी १४.९९ डॉलर होती. वीस वर्षं उलटली तरी ती तेवढीच राहिली. दरम्यान महागाई इतकी वाढली की २००४ चे १५ डॉलर म्हणजे २०२४ चे जवळपास २५. कागदावर वर्गणी जागची हलली नाही, प्रत्यक्षात ती ४० टक्क्यांनी स्वस्त झाली. त्याच काळात गेम बनवणाऱ्यांचे पगार वाढले, खेळाडूंच्या अपेक्षा वाढल्या आणि शेजारी ‘फोर्टनाइट’सारखे गेम दारात एक पैसाही न घेता उभे राहिले. तरी हा गेम चालू आहे. उलट बड्या कंपन्यांनी गाजावाजा करून आणलेले कितीतरी फुकट गेम वर्ष-दोन वर्षांत गुंडाळले गेले.

“फुकट गेम आले, वर्गणीचे दिवस संपले” हे वाक्य गेली पंधरा वर्षं ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आधी खर्चाकडे बघावं लागेल.

ऑनलाइन गेम एकदा बनवला, विकला आणि विसरला असं होत नाही. तो रोज चालवावा लागतो. सर्व्हर, त्यांची देखभाल, चीटिंग करणाऱ्यांना पकडणारी माणसं, तक्रारींना उत्तरं देणारी माणसं, आणि सगळ्यात महाग म्हणजे पुढचा नकाशा, पुढचा बॉस (शेवटी हरवायचा मोठा शत्रू), पुढचं कथानक तयार करणारी टीम. सर्व्हरचा खर्च खेळाडूंच्या संख्येनुसार कमीजास्त होतो. टीमचा होत नाही. दहा हजार लोक खेळोत की दहा लाख, एक नवी गुहा आखायला, रंगवायला आणि तपासायला तितकेच महिने लागतात.

हा खर्च भरून काढायचे मुख्य मार्ग दोन. एकतर प्रत्येकाकडून दर महिन्याला सारखीच रक्कम घ्यायची. नाहीतर दार सगळ्यांना उघडं ठेवायचं आणि आत काहीतरी विकायचं. एकदाच विकत घ्या आणि पुढे वर्गणी नाही, असा तिसराही मार्ग आहे. २००५ चा ‘गिल्ड वॉर्स’ त्याच मार्गाने गेला. पण असे बहुतेक गेम पुढेमागे आत दुकान मांडतातच, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

वर्गणीचं गणित

वर्गणीच्या धंद्यात एक आकडा सगळ्यांची झोप उडवतो. तो म्हणजे गळती: दर महिन्याला किती टक्के लोक पैसे भरणं थांबवतात. समजा दर महिन्याला दहा टक्के लोक सोडून जातात. मग एक खेळाडू सरासरी दहा महिने टिकतो आणि १५ डॉलरच्या हिशेबाने त्याच्याकडून १५० डॉलर येतात. गळती पाच टक्क्यांवर आणली की तोच खेळाडू सरासरी वीस महिने थांबतो आणि ३०० डॉलर देतो. गेम तोच, दर तोच, उत्पन्न दुप्पट. म्हणून वर्गणीवर चालणाऱ्या कंपनीचं अर्धं डोकं नवे खेळाडू आणण्यापेक्षा असलेले धरून ठेवण्यात जातं.

धरून ठेवायचा सरळ उपाय म्हणजे सतत काहीतरी नवं देणं. अडचण अशी की खेळाडू जितक्या वेगाने गेम संपवतात तितक्या वेगाने तो बनवता येत नाही. कित्येक महिने खपून तयार केलेला भाग कट्टर मंडळी काही दिवसांत फस्त करतात आणि “आता पुढे काय?” म्हणून विचारायला लागतात. मग कंपनी वेळ ताणते. बॉसकडून चांगली वस्तू आठवड्यातून एकदाच मिळेल, अमुक गटाची मर्जी मिळवायला रोज तीच चार कामं करावी लागतील, असल्या युक्त्या त्यातूनच जन्मल्या. वर्गणीचा गेम खिशाला फार हात लावत नाही, पण तुमच्या संध्याकाळींवर त्याचा डोळा असतो. वर्गणीचे गेम म्हणजे साधेसरळ आणि फुकट गेम म्हणजे लबाड, अशी वाटणी करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

दुसरी अडचण बाजाराची आहे. माणूस फुकट गेम पाच-सहा ठेवू शकतो. दरमहा पैसे घेणारा, रोज दोन तास मागणारा गेम मात्र बहुतेकांना एकच परवडतो, पैशाने आणि वेळानेही. त्यामुळे वर्गणीच्या बाजारात दुसऱ्या क्रमांकालाच जागा कमी, तिसऱ्या-चौथ्याला तर नाहीच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख सदस्य झाले आणि हा आकडा पाहून प्रत्येक मोठ्या कंपनीला वाटलं की आपणही असाच एक काढू. (त्या आकड्यात चीनमधले लाखो खेळाडू होते आणि ते महिन्याची वर्गणी नव्हे, तर तासांच्या हिशेबाने वेळ विकत घेत होते. कोटी गुणिले पंधरा असा गुणाकार करणाऱ्यांनी हे बहुधा पाहिलंच नाही.)

पुढची चार-पाच वर्षं या हव्यासाचा इतिहास आहे. ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ डिसेंबर २०११ मध्ये आला, काही आठवड्यांत १७ लाख सदस्यांवर पोहोचला आणि २०१२ च्या उन्हाळ्यात दहा लाखांच्या खाली घसरला. त्याच नोव्हेंबरात तो फुकट झाला. ‘रिफ्ट’ २०११ ला वर्गणीने सुरू झाला, २०१३ ला फुकट. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ एप्रिल २०१४ मध्ये वर्गणी घेऊन आला आणि मार्च २०१५ मध्ये त्याने वर्गणी ऐच्छिक केली. ‘वाइल्डस्टार’ची कथा सगळ्यात वाईट: जून २०१४ ला वर्गणीने सुरुवात, सप्टेंबर २०१५ ला फुकट, नोव्हेंबर २०१८ ला कायमचा बंद. फुकट झाल्याने त्याचं मरण लांबलं, टळलं नाही.

यातले काही गेम मात्र फुकट झाल्यावर सावरले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ २००७ चा. सप्टेंबर २०१० मध्ये त्याने दार उघडलं आणि काही महिन्यांतच उत्पन्न तिप्पट झाल्याचं कंपनीने सांगितलं. पंधरा डॉलर देऊन आत शिरायला जे तयार नव्हते, ते आत आल्यावर पाच डॉलरची एखादी मोहीम विकत घ्यायला तयार होते. आणि ज्यांना गेम मनापासून आवडत होता ते पंधरापेक्षा कितीतरी जास्त द्यायला तयार होते. आजवर त्यांच्याकडून कुणी मागितलंच नव्हतं.

वर्गणी ही छताची रक्कम आहे आणि उंबरठ्याचीही. त्यापेक्षा कमी देणारा आत येत नाही, जास्त देऊ पाहणाऱ्याला देता येत नाही. दोन्हीकडून पैसा निसटतो.

मग ‘फायनल फँटसी १४’चं काय? सप्टेंबर २०१० मध्ये आलेला हा गेम इतका फसला की स्क्वेअर एनिक्सने तो नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद केला आणि नाओकी योशिदा यांच्या हाताखाली नव्याने बांधून ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा आणला. ज्या काळात सगळे वर्गणी सोडत होते त्या काळात हा वर्गणी घेऊनच परत आला आणि टिकला. इतका, की डिसेंबर २०२१ मध्ये नव्या एक्सपान्शनच्या, म्हणजे गेमला जोडलेल्या मोठ्या नव्या भागाच्या वेळी सर्व्हरपुढच्या रांगा आवरेनात, म्हणून कंपनीने काही काळ गेमची विक्रीच थांबवली. गिऱ्हाईक दारात उभं असताना विक्री बंद ठेवणारे दुकानदार विरळाच.

हे जमलं त्याला कारणं दोन. अपडेट काही महिन्यांच्या ठरलेल्या अंतराने आणि भरवशाने येत राहिले. आणि नवं काही नसेल तेव्हा वर्गणी खुशाल थांबवा, पुढच्या भागाला परत या, असं या गेमच्या बाबतीत उघडपणे सांगितलं गेलं. धरून ठेवण्याऐवजी परत यावंसं वाटेल असं ठेवणं, हे गळतीच्या गणिताला दिलेलं वेगळं उत्तर आहे. शिवाय याचा फुकट चाचणीचा भाग अवाढव्य आहे: २०२० पासून पहिला एक्सपान्शन त्यात आला, २०२३ पासून दुसराही. शेकडो तास खेळून मग वर्गणी भरायची की नाही ते ठरवा. म्हणजे ज्याला आपण वर्गणीचा गेम म्हणतो, त्याचंही दार निम्मं फुकट आहे.

फुकट म्हणजे कुणाच्या पैशाने?

दरमहा वर्गणीऐवजी आत वस्तू विकण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली ती दक्षिण कोरियाने. नेक्सॉनसारख्या कंपन्या या शतकाच्या सुरुवातीलाच ती वापरत होत्या. त्यांचा ‘मेपलस्टोरी’ २००३ चा. इतरत्र ती नंतर पसरली, आणि मोबाइल आल्यावर तीच मुख्य पद्धत झाली.

इथलं गणित वेगळं आहे. सोयीसाठी आकडे कल्पनेतले घेऊ. वर्गणीच्या गेमला ३ लाख सदस्य, प्रत्येकी १५ डॉलर: महिन्याला ४५ लाख डॉलर. फुकट गेमला ६० लाख खेळाडू. त्यातले तीन टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार लोक पैसे खर्च करतात, सरासरी २५ डॉलर: पुन्हा ४५ लाख. दोन्ही गेम सारखेच सुदृढ दिसतात. पण वर्गणीच्या गेममधून एक हजार माणसं गेली तर १५ हजार डॉलर बुडतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. फुकट गेममध्ये ती सरासरी २५ डॉलर ही फसवी असते, कारण बरेचसे लोक दोन-तीन डॉलर देतात आणि थोडे लोक शेकडो. महिन्याला ५०० डॉलर देणारे एक हजार जण निघून गेले तर पाच लाख डॉलर गेले, म्हणजे उत्पन्नाचा नववा हिस्सा. खेळाडूंची संख्या मात्र तेवढीच दिसते. बाहेरून सगळं ठीक, आतून घर पोकळ.

या थोड्या लोकांना धंद्यात ‘व्हेल’ म्हणतात. स्वर्व नावाच्या विश्लेषण कंपनीने २०१४ मध्ये मोबाइल गेमचा हिशेब मांडला तेव्हा निम्मं उत्पन्न ०.१५ टक्के खेळाडूंकडून येत असल्याचं दिसलं. दहा हजारांत पंधरा माणसं. एकदा हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो: एखाद्या गेममध्ये सगळ्यांना हवा असलेला साधा बदल वर्षानुवर्षं होत नाही आणि शंभर डॉलरचा नवा गठ्ठा मात्र दर पंधरवड्याला येतो, तो का. गेम कुणासाठी बनतोय हे पाहायचं तर जाहिरात पाहू नका, पैसे कोण देतं ते पाहा. वर्गणीच्या गेममध्ये तुम्ही आणि दुसरा सदस्य यांचं वजन सारखं असतं. फुकट गेममध्ये तसं नसतं.

पण म्हणून न भरणारे ९७ टक्के लोक म्हणजे नुसतं ओझं, असं मात्र नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ किंवा ‘डोटा २’ खेळायला दहा माणसं लागतात, तीही साधारण सारख्या वकुबाची आणि काही सेकंदांत मिळायला हवीत. फुकट खेळणारा माणूस पैसे देणाऱ्याला प्रतिस्पर्धी पुरवतो, सोबती पुरवतो आणि त्याची महागडी स्किन बघायला डोळे पुरवतो. रिकाम्या मैदानात भारी पोशाख घालून कोण हिंडेल? ‘फोर्टनाइट’ने २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मिळून ९०० कोटी डॉलरहून जास्त कमावल्याचं, तो बनवणारी एपिक कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात उघड झालं. त्याचा मोठा भाग पोशाख, नाच आणि बॅटल पास यांचा होता. यातल्या कशानेही बंदूक जास्त जोरात लागत नाही.

बॅटल पास ही या धंद्यातली सगळ्यात हुशार युक्ती, असं माझं मत आहे. ठरावीक रक्कम भरायची, हंगाम संपायच्या आत खेळत राहायचं आणि बक्षिसं उघडत जायची. पैसे भरले आणि खेळला नाहीत तर जवळपास काहीच मिळत नाही. म्हणजे वर्गणीही आली आणि रोज हजेरी लावायची सक्तीही, पण नाव मात्र फुकट गेमचं.

गर्दी आटली की

फुकट गेमची मदार गर्दीवर, आणि हीच त्याची दुखरी नस. युबिसॉफ्टचा ‘हायपर स्केप’ ऑगस्ट २०२० मध्ये आला आणि एप्रिल २०२२ मध्ये बंद झाला. त्याच कंपनीचा ‘एक्सडिफायंट’ मे २०२४ ते जून २०२५. ‘एपेक्स लेजंड्स मोबाइल’ जेमतेम एक वर्ष जगला, मे २०२२ ते मे २०२३. एपिकने स्वतःचा ‘पॅरागॉन’ एप्रिल २०१८ मध्ये बंद केला, कारण ‘फोर्टनाइट’ धोधो चालत होता आणि माणसं तिकडे लावणं जास्त फायद्याचं होतं. हे गेम एकजात वाईट होते असं नाही. सामना जुळायला तीन मिनिटं लागू लागली की लोक कंटाळतात, कंटाळले की संख्या घटते, घटली की तीन मिनिटांची पाच होतात. या घसरगुंडीवरून परत वर चढलेले गेम मोजकेच.

उलट वर्गणीच्या जुन्या गेमकडे बघा. ‘अल्टिमा ऑनलाइन’ १९९७ चा, ‘एव्हरक्वेस्ट’ १९९९ चा. दोन्ही अजून चालू आहेत. दोघांनीही पुढे फुकट दार ठेवलं, पण त्यांना तगवून ठेवलं ते वर्षानुवर्षं सदस्यत्व भरणाऱ्या जुन्या मंडळींनी. लोक कमी झाले की कंपनी टीम लहान करते, सर्व्हर एकत्र करते आणि गेम छोट्या संसारात सुखाने जगतो. उद्या किती पैसे येणार हे आज साधारण माहीत असतं, त्यामुळे अंथरूण पाहून पाय पसरता येतात. अशा गेममध्ये माणसं एकमेकांच्या ओळखीवर राहतात, अनोळखी दहा जण शोधायची गरज त्यांना कमी पडते.

माझा निष्कर्ष यातून असा निघतो: वर्गणीच्या गेमचं बालपण अवघड आणि म्हातारपण सोपं, फुकट गेमचं नेमकं उलट. ‘लीग ऑफ लेजंड्स’ २००९ पासून चालू आहे, ‘टीम फोर्ट्रेस २’ २०११ पासून फुकट आहे आणि अजून जिवंत आहे, हे खरं. पण त्यांची गर्दी अजून आटलेलीच नाही. त्यांचं म्हातारपण आपण अजून पाहिलेलं नाही.

फुकट मोबाइल गेमना आणखी एक खर्च आहे, तो बाहेरून दिसत नाही. हे गेम जाहिरातींवर खेळाडू विकत घेतात. एक खेळाडू आणायला दोन डॉलर लागले आणि तो जाईपर्यंत सरासरी तीन डॉलर देऊन गेला, तर धंदा चालला. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये ॲपना वापरकर्त्याचा मागोवा घेण्याआधी परवानगी मागायला लावली. बहुतेकांनी परवानगी नाकारली. जास्त खर्च करणारा माणूस कुठे सापडेल हे हेरणं त्यामुळे अवघड आणि महाग झालं, आणि दोन विरुद्ध तीनचं ते गणित बऱ्याच ठिकाणी बिघडलं. त्यात ॲप दुकानांची ३० टक्क्यांपर्यंतची कटती वेगळीच.

कायदा मध्ये पडतो तेव्हा

वस्तू विकणं एक, आणि “कदाचित वस्तू मिळेल” हे विकणं दुसरं. लूट बॉक्स आणि गाचा यांत तुम्ही संधी विकत घेता, आत काय निघेल ते नशिबावर. खर्च करणाऱ्याकडून जास्तीत जास्त काढायचा हा सगळ्यात परिणामकारक प्रकार, म्हणून सरकारांची नजरही आधी यावरच गेली. जपानमध्ये गाचाचा एक प्रकार, ज्यात ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस मिळायचं, तो २०१२ मध्येच बंद पडला. चीनने २०१७ पासून कुठली वस्तू निघायची शक्यता किती, हे जाहीर करणं सक्तीचं केलं. बेल्जियमच्या नियामकाने एप्रिल २०१८ मध्ये पैशाने घ्यायचे लूट बॉक्स जुगार ठरवले. त्यानंतर काही कंपन्यांनी तिथली विक्री थांबवली, तर काहींनी गेमच तिथून काढून घेतले.

सगळ्यात बोलकं प्रकरण ‘मेपलस्टोरी’चं. त्यात हत्यारांचे गुणधर्म बदलणारा ‘क्यूब’ नावाचा घन विकला जायचा. चांगले गुणधर्म निघण्याची शक्यता कंपनीने गुपचूप कमी केली होती आणि खेळाडूंना हव्याहव्याशा वाटणाऱ्या काही जोड्या निघण्याची शक्यता तर चक्क शून्य करून ठेवली होती. लोक वर्षानुवर्षं त्यासाठी पैसे घालत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या व्यापार नियामकाने नेक्सॉनला सुमारे ११६० कोटी वॉनचा दंड केला आणि त्याच वर्षी मार्चपासून शक्यता जाहीर करण्याचा कायदा तिथे लागू झाला. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एपिकने एकूण ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले २४.५ कोटी, फसव्या बटणांमुळे नको ती खरेदी झालेल्यांना परत देण्यासाठी होते. उरलेले मुलांच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल.

टिकण्याच्या चर्चेत हे सगळं आणायचं कारण असं, की ज्याचं उत्पन्न एका विशिष्ट युक्तीवर उभं आहे, त्याचं भवितव्य ती युक्ती कायद्याला किती दिवस चालेल यावर ठरतं. वर्गणीवर अशी टांगती तलवार जवळपास नाही. फार तर “बंद करायचं बटण सापडत नाही” अशी तक्रार होते.

मधला रस्ता, आणि त्यातले खड्डे

आज मोठ्या गेममध्ये निखळ वर्गणीचा असा जवळपास एकही नाही, आणि निखळ फुकटही कमी. ‘फोर्टनाइट’ने डिसेंबर २०२० पासून महिन्याची ऐच्छिक वर्गणी सुरू केली. ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून वर्गणीवर होता, त्याने २०१६ मध्ये मर्यादित फुकट खातं दिलं, आणि २०२२ मध्ये वर्गणी १४.९५ वरून १९.९९ डॉलर केली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने तर वर्गणीचा आकडा न हलवता ती वाढवली. २०१५ मध्ये त्यात टोकन आलं. एक खेळाडू २० डॉलरला टोकन विकत घेतो, गेममधल्या सोन्याच्या बदल्यात दुसऱ्याला देतो आणि तो दुसरा त्यावर महिनाभर खेळतो. दुसऱ्याला वाटतं आपण फुकट खेळलो. पहिल्याला सोनं मिळालं. आणि कंपनीला त्या एका महिन्याचे १५ ऐवजी २० मिळाले. त्याखेरीज गेममध्ये स्वारी करायला विकायचे घोडे आहेतच. २०१० मध्ये पहिला चमचमता घोडा २५ डॉलरला आला तेव्हा लोक रांगेत उभे राहिले होते.

मिश्रणाचा धोका असा, की दोन्हींकडचे दोष एकत्र येऊ शकतात. वर्गणीही भरा आणि दुकानातही खर्चा, म्हटलं की जुना सदस्य चिडतो: मग मी दरमहा पैसे देतोय कशाचे? याचा सगळ्यात लांबलचक प्रयोग ‘रूनस्केप’मध्ये झाला. जॅजेक्स या ब्रिटिश कंपनीचा हा गेम २००१ चा. २००२ पासून त्यात फुकट भाग आणि सदस्यांचा मोठा भाग अशी रचना होती. दुकान नव्हतं. २०१२ मध्ये त्यात फिरवायचं चक्र आलं, ज्यातून बक्षिसं निघायची, आणि जास्तीच्या फेऱ्या पैशाने मिळायच्या. त्याच वर्षी लढाईची पद्धतही मुळापासून बदलली. लोक इतके वैतागले, की २०१३ मध्ये कंपनीने मतदान घेऊन ऑगस्ट २००७ च्या जतन केलेल्या प्रतीवरून जुना गेम वेगळा सुरू केला. या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीत नशिबाचं चक्र नाही आणि मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरतात. ती तात्पुरती करमणूक ठरेल असं वाटणारे बरेच होते. काही वर्षांत तिने नव्या आवृत्तीला मागे टाकलं.

म्हणजे एकाच कंपनीकडे, एकाच मुळाच्या दोन गेमची दहा वर्षांहून जास्त तुलना झाली. दोन्हींत फुकट दार, दोन्हींत सदस्यत्व. टोकनच्या धर्तीची, सदस्यत्व विकत घेऊन गेममध्ये विकायची सोयही दोन्हींत. मुख्य फरक दोन: खेळाची जुनी-नवी पद्धत, आणि नशिबाचं दुकान. कुठल्या फरकाने किती नुकसान केलं हे वेगळं काढता येत नाही, त्यामुळे यावरून दुकान वाईटच असं सिद्ध होत नाही. पण कंपनीने स्वतः काय ठरवलं ते पाहण्यासारखं आहे. २०२५ च्या अखेरीस जॅजेक्सने नव्या आवृत्तीतल्या खेळाडूंना विचारलं, त्या चक्राचा वारसा चालवणारं ‘ट्रेझर हंटर’ काढून टाकू का? अट होती एक लाख मतांची. मतं पडली, आणि २०२६ च्या सुरुवातीला ते काढायचं ठरलं. आता तिथे जो पैसा कमी येईल तो सदस्यांच्या संख्येतून भरून निघायला हवा, आणि त्यासाठी रागावून गेलेल्या लोकांनी परत येऊन दरमहा पैसे भरायला हवेत. ते किती जण भरतात, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत दिसेल.